फुटून निघण्याचा कौल

१९०१ सालीं सहा वसाहतींचें ऑस्ट्रेलियन संघराज्य झालें. पुढें पश्चिम ऑस्ट्रेलियांतील शेतकऱ्यास हा संबंध जाचूं लागला. पूर्वेकडील कारखान्यांस संरक्षण देणाऱ्या जकातीमुळें त्याला अवजारें महाग पडत. गहूं मात्र जगाच्या भावानें विकावा लागे. त्यांत मंदी आली. ८ एप्रिल १९३३ रोजीं फुटून निघण्याच्या बाजूनें १,३८,६५३ व विरुद्ध ७०,७०६ मतें पडलीं. नवल हें कीं, त्याच दिवशीं मतदारांनीं फुटण्याचा पुरस्कार करणारें मंत्रिमंडळ पाडून विरोधी मजूर पक्षास निवडून दिलें! अर्ज लंडनला गेला. संघसरकारच्या विनंतीवांचून तो विचारांत घेतां येत नाहीं, असें पार्लमेंटच्या समितीनें १९३५ सालीं ठरविलें. गाऱ्हाणें मात्र खरें होतें. १९३३ सालींच स्थापन झालेल्या अनुदान मंडळानें दुर्बळ राज्यांच्या साहाय्याची व्यवस्था लावली, आणि फुटीची चळवळ ओसरली.