उत्तर द्यायची घाई

शाळेच्या भिंतीबाहेर विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

हिंगोली-नांदेड रस्त्यावरच्या आमच्या आखाडा बाळापुरात स्वागत समितीच्या वतीनं तुमचं मनापासून स्वागत. तुमच्यापैकी कुणी आकाशदर्शन घेतं, कुणी सुट्टीत छंदवर्ग चालवतं, कुणी प्रयोगाच्या पेट्या जीपमध्ये टाकून वाडी-तांड्यावर जातं. तुमच्याकडे हजेरीपट नाही, मार्क नाहीत. पोरं कंटाळली की उठून जातात, आणि तोच तुमचा निकाल.

हे संमेलन बाळापुरात कशाला, असं काही जणांनी विचारलं. २१ मार्च २०२४ च्या सकाळी सहाच्या सुमारास इथल्या घरांतली भांडी वाजली. धक्का ४.५ तीव्रतेचा. १० जुलैला पुन्हा तेवढाच, केंद्र आमच्याच कळमनुरी तालुक्यात. किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या मराठवाड्यात अशा वेळी मनात एकच प्रश्न येतो : आता आपलंही तसंच होणार का? अशा सकाळी गावाला फळा नको असतो, समजावून सांगणारं माणूस हवं असतं. तीव्रतेचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पट वाढते. किल्लारीचा भूकंप साधारण ६.२ चा, म्हणजे आमच्या धक्क्याच्या साडेतीनशे पट ऊर्जेचा. हा हिशेब मुलांकडून मांडून घेता येतो. पण पुढचा मोठा धक्का कधी, हे कुणालाच सांगता येत नाही. ‘ठाऊक नाही’ हे शब्द समोरच्याचा विश्वास न गमावता उच्चारणं, हे मला तुमच्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य वाटतं. त्याचं प्रशिक्षण कुणी देत नाही.

याच जिल्ह्यात, औंढा तालुक्यातल्या दुधाळ्याला लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, २०२३ साली केंद्रानं मंजूर केलेले सुमारे २६०० कोटी रुपये. एवढं नाजूक यंत्र धक्के बसणाऱ्या मुलखात कसं, असं पोरं विचारणारच. तयारीत राहा!

पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून अरविंद गुप्तांची टाकाऊतून केलेली खेळणी गावोगाव पोचली. फार मोठं काम. पण आपल्यातल्या कित्येकांनी खेळणं उचललं आणि प्रश्न तिथंच ठेवला, हेही बोललं पाहिजे. आमच्या हळदीचंच घ्या. हळदीला चुना लागला की लाल होते, हे इथल्या आयाबायांना कुंकवामुळे ठाऊक आहे. त्यावर लिंबू पिळलं तर काय होईल? पोरांना आधी अंदाज करू द्या, वहीत लिहू द्या, भांडू द्या, मग पिळा. आपण आधीच पिळून मोकळे होतो.

ही सवय एकट्यानं सुटत नाही. संत नामदेव आमच्या नर्सीचे. गोरोबाकाकांनी त्यांचं मडकं कच्चं ठरवलं, तेव्हा ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे शिकायला गेले, अशी कथा आपण ऐकत आलो. कीर्ती झाल्यावर पुन्हा शिष्य होणं सोपं नसतं. एका दिवसाची कार्यशाळा आणि प्रमाणपत्र यांनी आपली वाढ होते, असं मला वाटत नाही. दुसऱ्यानं आपल्या सत्रात मागे बसावं, आपण किती वेळा घाईनं उत्तर दिलं ते मोजावं आणि चहा घेताना तोंडावर सांगावं, त्यानं होते.

म्हणून स्वागताध्यक्ष या नात्यानं एकच मागणं. व्यवस्थेत काही कमी-जास्त झालं तर पोटात घाला. पण जाण्याआधी इथल्या एका अनोळखी माणसाशी जोडी जमवा, एकमेकांच्या गावी जाण्याची तारीख ठरवा आणि ती नोंदणीच्या टेबलावरच्या वहीत लिहून जा.