दारातील मोटार : निगा, खरेदी आणि संयम



स्मृतिव्याख्यान म्हटले की साहित्य, इतिहास, संतविचार यांपैकी एखादा विषय श्रोत्यांना अपेक्षित असतो. त्यामुळे मी मोटारीवर बोलणार असे कळल्यावर काहींना आश्चर्य वाटले असेल. परंतु ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे, त्यांनी या शाळेत विज्ञान शिकवले आणि पुस्तकातला नियम घरातल्या वस्तूत दाखवल्याखेरीज तो शिकवला असे त्यांनी कधी मानले नाही. मीही उभी हयात यंत्रशाळेत मुलांना इंजिन उघडून दाखवण्यात घालवली. तेव्हा आपल्या दारात उभ्या असलेल्या, किंबहुना उद्या उभ्या राहू पाहणाऱ्या वस्तूविषयी बोलणे हेच त्यांच्या स्मृतीला धरून होईल, असे मला वाटले.

प्रथम थोडा इतिहास. आपल्या देशात मोटार बनावी, हे स्वप्न ज्यांनी हट्टाने पाहिले त्यांत सोलापूरचे वालचंद हिराचंद अग्रगण्य होत. त्यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याला प्रथम अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या आणि पुढे इटलीच्या फियाटच्या गाड्या बांधल्या. हीच फियाट पुढे 'पद्मिनी' झाली. तिकडे बंगालमध्ये उत्तरपाड्याला अ‍ॅम्बेसेडर तयार होत होती. या दोन गाड्यांवर मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या वाढल्या. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते ग्राहकाला मिळाली आणि मोटार हळूहळू डॉक्टर-वकिलांच्या दारातून शिक्षक-कारकुनांच्या दारात आली. आज यांतील एकही गाडी बनत नाही. अ‍ॅम्बेसेडर व मारुती ८०० यांचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यावरील पद्मिनी टॅक्सीनेही ऑक्टोबर २०२३ अखेर निरोप घेतला.

हा इतिहास सांगण्यामागे हेतू आहे. फियाटचा मालक अर्धा मिस्त्री असे. प्लग काढून साफ करणे, पॉइंटमधील फट बसवणे, कार्ब्युरेटर उघडून फुंकणे ही कामे तो रविवारी सकाळी अंगणात करी, कारण त्यावाचून सोमवारी गाडी सुरू होण्याची शाश्वती नसे. आजच्या गाडीत कार्ब्युरेटर नाही. इंधन किती सोडायचे ते संगणक ठरवतो. त्यामुळे दुरुस्ती आपल्या हातून गेली, हे खरे. पण त्याबरोबर निगाही गेली अशी जी समजूत पसरली आहे, ती घातक आहे. दुरुस्ती म्हणजे बिघडल्यावर करायचे काम. निगा म्हणजे बिघडू नये म्हणून पाहत राहणे. हे पाहणे आजही मालकाचेच आहे.

आपल्याच गावचे उदाहरण घ्या. सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात बांधलेला कुंडी भंडारा आपण सर्वांनी पाहिला आहे. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून केवळ उताराच्या बळावर शहरात आणले गेले. त्या बोगद्यावर ठरावीक अंतराने शंभरावर कुंड्या कशासाठी? हवा खेळावी आणि माणसाला आत उतरून साफसफाई करता यावी, यासाठी. बांधणाऱ्याने बांधतानाच निगेची वाट ठेवली होती. मोटार बनवणाऱ्यानेही ती ठेवलेली असते. तेल पाहण्याची पट्टी, कुलंटच्या टाकीवरील दोन रेषा, ब्रेक ऑइलची पारदर्शक डबी, टायरवरील खुणा, या मोटारीच्या कुंड्याच होत. त्यांत डोकावायला पाना लागत नाही. पंधरवड्यातून पंधरा मिनिटे लागतात.

त्या पंधरा मिनिटांत काय करावे? गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून, तेलाची पट्टी काढावी, पुसावी, पुन्हा घालून काढावी. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी असणे वाईट, तसेच जास्त ओतणेही वाईट. कुलंट इंजिन थंड असतानाच पाहावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असल्याने शंभर अंशांवरही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब जातो आणि ते वाफ होऊन अंगावर उसळते. हा नियम तुम्ही कुकरच्या रूपाने घरी रोज पाहता. वाटेत तापमानाचा काटा चढला तर गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि वाट पाहावी. तेलाचा लाल दिवा लागला तर मात्र 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' असे म्हणू नये. तेलाचा दाब नसताना चाललेले इंजिन काही मिनिटांत निकामी होते.

आपल्याकडे कापूस आणि यंत्रमाग दोन्ही आहेत. हवेतील धूळ आणि तंतू हवेच्या गाळणीत व रेडिएटरच्या जाळीत बसतात. म्हणून पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीची वाट न पाहता येथे गाळणी आधीच पाहणे शहाणपणाचे.

टायरांविषयी थोडे अधिक बोलतो, कारण आपल्या भागात त्यांच्याबद्दल एक गैरसमज रूढ आहे. उन्हाळ्यात हवा प्रसरण पावते, म्हणून टायरमध्ये हवा कमी भरावी, असे अनेकजण मानतात. पहिले अर्धे वाक्य खरे, दुसरे चुकीचे. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतात आणि अधिक वाकतात. लोखंडी तार वारंवार वाकवली की हाताला गरम लागते, तसाच टायर आतून तापतो आणि वैशाखातील तापलेल्या रस्त्यावर, भरल्या गाडीत, वेगात असताना फुटतो. गाडी बनवणाऱ्याने ठरवलेला आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. तेवढीच हवा, टायर थंड असताना भरावी, स्टेपनीतही भरावी. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की तो बदलण्याची वेळ झाली. खाचेत असलेले लहान उंचवटे नक्षीच्या पातळीला आले की ते समजते. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. '२३२१' म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. जुनी गाडी घेताना हे चार आकडे विक्रेत्यापेक्षा अधिक सांगून जातात.

पावसाळ्यापूर्वी वायपरचे रबर आणि ब्रेक पाहून घ्यावेत. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते ठरावीक मुदतीने, बहुधा दोन वर्षांनी, बदलायचे असते. आणि गाडी पाण्यात बंद पडली तर ती पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असताना चावी फिरवली तर आतील दांडे वाकतात. नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असेल तर त्यात गाडी घालूच नये.

आता खरेदीकडे वळू. गाडीची किंमत म्हणजे मासिक हप्ता नव्हे. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्या आणि लिटरमागे सोळा किलोमीटर देणाऱ्या गाडीला बासष्ट-त्रेसष्ट लिटर इंधन लागते. त्यात दरवर्षीचा विमा, सर्व्हिसिंग आणि साधारणतः चाळीस हजार किलोमीटरनंतर येणारा टायरांचा खर्च मिळवावा. ही बेरीज कागदावर मांडून मगच दुकानात जावे. नव्या गाडीत पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग आणि चाके जाम होऊ न देणारी ब्रेकव्यवस्था आता कायद्यानेच असते. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही धडक-चाचणीची योजना सुरू झाली आहे. रंग आणि गाण्यांची यंत्रणा विचारण्याआधी त्या चाचणीत गाडीला किती तारे मिळाले, हे विचारावे.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी मात्र मला कळकळीने काही सांगायचे आहे, कारण आपले गाव सीमेवरचे आहे. इच्छापूर ओलांडले की महाराष्ट्र लागतो. जळगाव-भुसावळकडची 'एमएच १९' ची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून आणायची, पैसे द्यायचे, एका कोऱ्या अर्जावर सही घ्यायची आणि नाव बदलण्याचे पुढे ढकलायचे, ही रीत सर्रास आहे. कायदा काय सांगतो? मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि राज्याबाहेर पंचेचाळीस दिवसांत कळवायचे असते, घेणाऱ्याने तीस दिवसांत. परराज्यातील गाडीसाठी तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८ लागतो. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी येथे राहणार असेल तर येथील 'एमपी ६८' क्रमांक घेऊन येथील कर भरावा लागतो. कर्ज फिटले असल्यास बँकेच्या सहीचा नमुना ३५ घेऊन नोंदणीपुस्तकातील बोजा उतरवून घ्यावा.

ही कागदाची कटकट वाटते. परंतु फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात दिलेला निर्णय ऐका. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी अनेक हातांतून गेली होती. नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावे राहिली. त्या गाडीखाली एका बालकाचा जीव गेला. गाडीचा विमा नव्हता. 'मी ती केव्हाच विकली' हे म्हणणे टिकले नाही; नोंदणी ज्याच्या नावे, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची, असे न्यायालयाने ठरवले. म्हणून विकणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की पैसे हाती आले म्हणजे गाडी सुटली असे नाही. सौद्यापूर्वी परिवहन खात्याच्या संगणकीय नोंदीत क्रमांक घालून मालक, विमा आणि बोजा पाहता येतो. तो पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये.

शेवटचा भाग चालवण्याचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मृत्यू पावली. त्यांत ५०,०२९ जण हेल्मेट न घातलेले, तर १६,७१५ जण पट्टा न लावलेले होते. पट्टा न लावलेल्यांपैकी ८,३३१ जण चालक नव्हते, प्रवासी होते. पट्टा चालकासाठी असतो, ही समजूत इतकी महाग पडते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व मागे बसलेले त्यांचे सहप्रवासी मृत्यू पावले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या, पट्टा नव्हता.

विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत करून पाहावे. ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे चौदा मीटर उंचीवरून, चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडणे. गच्चीच्या कठड्यावर मुलाला आपण बसू देत नाही. आईच्या मांडीवर, पट्ट्यावाचून, पुढच्या आसनावर मात्र बसवतो. तीन टोकांचा हा पट्टा व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन या अभियंत्याने १९५९ साली सिद्ध केला आणि कंपनीने त्याचे पेटंट सर्वांना खुले ठेवले. जगाला फुकट मिळालेली ही वस्तू आपण आसनाखाली दडपून ठेवतो.

आपल्या रस्त्यावर केळीचे ट्रक, कापसाच्या ट्रॉल्या, मागे दिवा नसलेल्या बैलगाड्या असतात. रात्री मंद झोतात साधारणतः चाळीस-पन्नास मीटर रस्ता दिसतो. ताशी साठ वेगाने, समोरचे दिसून ब्रेक लागेपर्यंतचा एक सेकंद धरून, कोरड्या रस्त्यावर गाडी सदतीस-अडतीस मीटरांत थांबते. ऐंशीला अठ्ठावन्न मीटर लागतात. म्हणजे ऐंशीने जाणारा चालक, न दिसणाऱ्या बैलगाडीपाशी थांबू शकत नाही, तो कितीही कुशल असो. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. तिच्यापुढे कौशल्याचा उपयोग नाही. पुढच्या गाडीपासून नेहमी दोन सेकंदांचे अंतर ठेवावे, पावसात चार. इंदूरच्या वाटेवर भेरूघाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहावे. सतत दाबून धरलेला ब्रेक तापतो आणि नेमक्या वळणावर हात टेकतो.

पालकांना एक विनंती. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाच्या हाती किल्ली देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ प्रमाणे अशा मुलाकडून गुन्हा घडला तर पालक किंवा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. परंतु खरा प्रश्न दंडाचा नाही; या शाळेच्या हजेरीपटावरील एक नाव कमी होण्याचा आहे.

आणि अपघात दिसला तर थांबा. जखमीला मदत करणाऱ्यास दिवाणी वा फौजदारी जबाबदारीपासून त्याच दुरुस्तीतील कलम १३४-अ चे संरक्षण आहे. आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही. पोलिसांच्या भीतीने पुढे निघून जाण्याचे कारण आता उरलेले नाही. १०८ क्रमांक फिरवावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तेथे राहावे.

मोटार ही चैनीची वस्तू होती, ती गरजेची झाली. आता ती जबाबदारीची वस्तू व्हावी, एवढीच माझी इच्छा. विद्यार्थिमित्रांनो, आज घरी गेल्यावर वडिलांबरोबर गाडीच्या दाराच्या चौकटीवरील हवेचा आकडा वाचा आणि मागच्या आसनाखाली गेलेले पट्टे वर काढा. गुरुवर्यांच्या स्मृतीला याहून योग्य अभिवादन मला सुचत नाही.