कारखान्याच्या दाराबाहेर गेलेले काम

गोंदियाच्या जंगलातला माल जगाच्या बाजारात पोचला तो लाखेच्या रूपाने. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा वसतो. त्याने अंगाभोवती साठवलेला राळेसारखा थर खरवडून, कुटून, धुतला की दाणालाख होते आणि ती वितळवून पातळ पत्रे ओढले की चपडा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नागपूर-छत्तीसगड मार्गावरची आगगाडी गोंदियाहून धावू लागली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जबलपूरकडचा छोट्या गाडीचा मार्गही इथे येऊन मिळाला. भोवतालच्या जंगलांतली लाख गोंदियाच्या कारखान्यांत उतरू लागली. भारतातली लाख मुख्यतः कलकत्त्याच्या बाजारातून इंग्लंड-अमेरिकेला जाई. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या ग्रामोफोनच्या तबकड्यांत लाख हा महत्त्वाचा घटक होता आणि 1950 च्या सुमारास प्लास्टिकच्या तबकड्या रूढ होईपर्यंत ही मागणी टिकली.

चपडा करण्याची जुनी रीत अशी : लांबलचक कापडी पिशवीत दाणालाख भरायची. पिशवीचे एक टोक कारागीर कोळशाच्या भट्टीसमोर धरून बसे. दुसरे टोक त्याचा जोडीदार, कधी एखादी बाई तर कधी एखादे पोर, पीळ देत फिरवीत राही. धगीने वितळलेली लाख कापडातून पाझरे. तिचा गरम पापुद्रा उचलून कारागीर तो भट्टीच्या तोंडाशी दोन्ही हातांनी, पायांच्या बोटांनी आणि दातांनी ताणी. कागदाइतका पातळ, मधाच्या रंगाचा पत्रा तयार झाला की त्याचे तुकडे पेट्यांत भरले जात.

या कामात यंत्र कुठेच नव्हते, आणि अडचणीचे मूळ तेच होते. त्या काळचा फॅक्टरी कायदा प्रामुख्याने यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांना लागू होता. लाख, बिडी आणि चामडे कमावणे हे हातकामाचे धंदे त्यातून सुटले. 1929 मध्ये नेमलेल्या आणि 1931 मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटली श्रम आयोगाने अशा अनियंत्रित कारखान्यांतील मुलांच्या कामाकडे सरकारचे लक्ष वेधले. त्यानंतर 1937 मध्ये मध्य प्रांतात अनियंत्रित कारखान्यांचा कायदा झाला. बिडी, लाख आणि चामडे या तीन धंद्यांतले 50 किंवा अधिक माणसांचे कारखाने त्याच्या कक्षेत आले. हा कायदा काळाच्या पुढे होता, पण त्याची मोजपट्टी होती एका छपराखालची डोकी. छप्पर बदलले, डोकी पांगली की कायदा संपत असे. कायदा कारखान्याच्या दारापर्यंत पोचला की काम दाराबाहेर जाते, हे सूत्र तेव्हापासून आजपर्यंत या जिल्ह्याच्या श्रमाच्या इतिहासातून चालत आले आहे.

बिडीच्या धंद्यात ते सर्वांत स्पष्ट दिसते. देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांच्या जंगलात तेंदूपान, गुजरातच्या चरोतर भागातून आणि निपाणीकडून येणारी तंबाखू, मालाची ने-आण करायला रेल्वे आणि धानाचा हंगाम सरल्यावर रिकामे राहणारे हात, एवढ्या भांडवलावर गोंदिया-भंडारा परिसर मध्य भारतातले बिडीचे मोठे केंद्र बनला. स्वदेशी चळवळीने विलायती सिगारेटला पर्याय म्हणून बिडीला बळ दिले. मनोहरभाई पटेल यांच्यासारखे उद्योजक याच धंद्यातून उभे राहिले आणि या भागातल्या शिक्षणसंस्थांमागेही बिडीचा पैसा उभा राहिला. त्या पैशाच्या मुळाशी एका बाईच्या मांडीवरचे सूप आहे. भिजवलेली पाने ती पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीने कापते, चिमूटभर तंबाखू पसरते, पान वळते, तोंड दुमडते आणि दोरा गुंडाळते. अशा हजार बिड्या झाल्या की एक मजुरी.

हजार मोजायच्या कुणी, यावर सगळे अवलंबून असते. गावातला सट्टेदार, म्हणजे ठेकेदार, मालकाकडून पाने आणि तंबाखू आणतो, घरोघरी वाटतो आणि वळलेल्या बिड्या गोळा करतो. पाने कमी किंवा फाटकी निघाली, तर तूट भरून काढण्याची जबाबदारी वळणारीवर येते. बिडी पसंत पडली नाही तर ती छाट ठरते. छाटीचा माल परत मिळत नाही आणि तिची मजुरीही मिळत नाही. महाराष्ट्राच्या नियमांनी साधारणतः 5 टक्क्यांपेक्षा अधिक बिड्या छाटू नयेत अशी मर्यादा घातली. अशा बारीक गोष्टीसाठी नियम करावा लागला, एवढ्यावरूनच मजुरी कुठून गळत होती ते कळते.

या गळतीवर संघटित उपाय विदर्भातच झाला. कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी 1930 च्या सुमारास मध्य प्रांत बिडी मजूर संघ उभा केला. ठेकेदाराचा हात मधून काढून टाकण्यासाठी त्यांनी बिडी कामगारांचे सहकारी काम सुरू केले. ते नागपूर, रामटेक आणि भंडारा भागात पसरले, आणि आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता. 1937 मध्ये हरदास स्वतंत्र मजूर पक्षातर्फे प्रांतिक विधिमंडळावर निवडून गेले आणि 1939 मध्ये वयाच्या पस्तिशीतच वारले. ‘जय भीम’ या अभिवादनाचे जनक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. बिडी कामगारांचे संघटक ही त्यांची ओळखही तेवढ्याच आदराने जपायला हवी. बिडी वळणाऱ्यांत दलित समाजाची संख्या मोठी होती. मजुरीचा प्रश्न आणि माणुसकीचा प्रश्न हरदास यांच्या कामात वेगळे राहिले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर वाद न्यायालयात गेला. घरी किंवा ठेकेदारामार्फत काम करणारा माणूस मालकाचा कामगार आहे की नाही, हा त्या वादाचा गाभा. बिरधीचंद शर्मा यांच्या नागपूरच्या बिडी कारखान्याच्या खटल्यात 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : ठरावीक वेळ पाळण्याचे बंधन नसले तरी कारखान्यात बसून नगावर बिड्या वळणारा माणूस कामगारच असून त्याला पगारी रजेचा हक्क आहे. पुढच्याच वर्षी दुसऱ्या खटल्यात निराळा निकाल लागला. ही संदिग्धता संपवण्यासाठी संसदेने 1966 मध्ये बिडी आणि सिगार कामगार कायदा केला. त्याने घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईला कामगार म्हटले आणि ठेकेदाराच्या मागे उभ्या असलेल्या मालकाला मुख्य मालक म्हणून जबाबदार धरले. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. 1985 मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या खटल्यात न्यायालयाने आणखी नेमके सांगितले : माल नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हाती, नियंत्रण त्याचेच. छाट काढणारा मालक आपण मालक नसल्याचे सांगू शकत नाही.

कायदा देशाचा असला तरी अंमल राज्यांचा होता, आणि तेथे नवे दार उघडले. 1968 मध्ये केरळने या कायद्याची अंमलबजावणी सुरू करताच मंगळूर गणेश बिडी वर्क्सने कन्नूर भागातले काम बंद करून ते कर्नाटकात नेले. सुमारे 12,000 कामगार रस्त्यावर आले. त्यांच्यातून 1969 मध्ये केरळ दिनेश बिडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. हा धंदा हलवायला कठीण नाही : यंत्रे नाहीत, इमारत नाही, पोती उचलली की कारखाना हलला. जास्त मजुरीच्या राज्यातून कमी मजुरीच्या राज्याकडे काम वाहत जाते. गोंदिया-भंडाऱ्यातले बिडीकामही ओसरत गेले. त्यात धूम्रपानविरोधी धोरणाचा आणि बदलत्या सवयीचा वाटा आहे, तसा मजुरीतील तफावतीचाही आहे. बिडी कमी ओढली जावी हे आरोग्याच्या दृष्टीने योग्यच. पण धंदा ओसरताना वळणारीला दुसरे काम मिळाले का, हा प्रश्न धोरणात मागे पडला.

बिडीची मोठी बाजारपेठ देशातच आहे. तरी निर्यातीच्या एका प्रकरणाने जागतिक व्यापाराचे नियम कुठवर पोचतात ते दाखवून दिले. सक्तीच्या श्रमाने बनलेला माल देशात येऊ न देण्याचे कलम अमेरिकेच्या 1930 च्या जकात कायद्यात आहे. 1999 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी सीमाशुल्क खात्याने वेठबिगार मुलांच्या श्रमाच्या कारणावरून याच मंगळूरच्या कंपनीच्या बिड्या बंदरात अडवण्याचा आदेश काढला. एकतीस वर्षांपूर्वी राज्याची सीमा ओलांडून गेलेले काम आता देशाच्या सीमेवर अडले. आदेशाने माल थांबला, हे मोठेच काम झाले. पण उचल फेडण्यासाठी बिड्या वळणाऱ्या मुलाचे कर्ज त्याने फिटले नाही. आयातबंदीने दाराला कुलूप लागते; घरात चूल पेटवायला निराळी तरतूद लागते.

ती तरतूद जागतिक व्यापाराच्या करारांत नाही. 1996 च्या डिसेंबरात सिंगापूरच्या मंत्रिपरिषदेत जागतिक व्यापार संघटनेने श्रममानकांचा विषय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे सोपवला. विकसनशील देशांची भीती रास्त होती, कारण श्रमिकांच्या हक्काचे नाव पुढे करून श्रीमंत देश आपल्या बाजाराची दारे लावू शकतात. पण ज्या संघटनेकडे विषय गेला, तिच्या हाती व्यापार रोखण्याचे साधन नाही. त्याच वर्षी श्रम संघटनेने घरी काम करणाऱ्यांसाठी 177 क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळची, कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा इमारत कोसळून 1,100 हून अधिक कामगार मेले, तेव्हा ढिगाऱ्यातून निघालेल्या कपड्यांवरच्या चिठ्ठ्या पाहून कोणत्या परदेशी कंपन्यांचे काम चालले होते ते शोधावे लागले. ग्राहक, ब्रँड, निर्यातदार, कारखानदार, ठेकेदार आणि मजूर अशी ही साखळी. ती जितकी लांब, तितकी शेवटच्या हातापासून जबाबदारी दूर.

गोंदियाची लाखही आज त्याच साखळीत आहे. ग्रामोफोन गेला, आता औषधी गोळ्यांवर आणि फळांवर लाखेचा लेप चढतो. मालाच्या प्रमाणपत्रात रंग, ओलावा, शुद्धता यांचे आकडे असतात. झाडावरून लाख उतरवणाऱ्याला किलोमागे काय मिळाले, तो आकडा त्यात नसतो.

तेंदूपानाच्या बाबतीत मात्र साखळीचे पहिले टोक बदलण्याचा प्रयत्न झाला आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने तेंदूपान गौण वनोपज म्हणून ग्रामसभांच्या मालकीचे झाले. 2013 पासून गडचिरोली-गोंदिया भागातल्या ग्रामसभा पानांची विक्री स्वतः करू लागल्या. उन्हाळ्यात पहाटे जंगलात जाऊन पाने तोडायची, 70 पानांचा पुडा बांधायचा आणि फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, मोजून द्यायचा, हे श्रम तेच. फरक असा की भाव ठरवणाऱ्या कागदावर आता गावाची सही असते.

याच काळात बिडी कामगारांच्या कायद्याची जुनी चौकट मोडली. 2017 मध्ये वस्तू आणि सेवा कराबरोबर बिडीवरचा कल्याण उपकर गेला. दवाखाने, शिष्यवृत्त्या आणि घरकुले यांचा तो हक्काचा पैसा होता. आता त्यासाठी अर्थसंकल्पाकडे पाहावे लागते. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि 1966 चा कायदा त्यांत विलीन झाला. वेतनसंहितेत एक तरतूद मोलाची आहे : केंद्राने ठरवलेल्या आधारवेतनाखाली कोणत्याही राज्याला किमान वेतन ठेवता येणार नाही. ती नीट राबवली, तर मजुरी स्वस्त म्हणून राज्य बदलण्याची वाट बंद होऊ शकते.

म्हणून चार गोष्टींचा आग्रह धरायला हवा. नगावर काम करणाऱ्या प्रत्येक हाताला ओळखपत्र आणि कामाची नोंदवही मिळावी, कारण नोंद नसलेल्या श्रमाचा हक्क न्यायालयात उभा राहत नाही. हजार बिड्यांचा आधारदर देशभर एक असावा. निर्यातीच्या मालाबरोबर शुद्धतेच्या आकड्यांशेजारी मजुरीचा आकडाही जावा. आणि भारताने 177 व्या कराराला मान्यता द्यावी. काम कारखान्याच्या दाराबाहेर गेले, त्याला नव्वद वर्षे होत आली. आता कायद्यानेही ते दार ओलांडून, सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईच्या ओसरीपर्यंत चालत गेले पाहिजे.