पदवीच्या पुढे



आपल्या बडोद्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले. तेथील प्रा. त्रिभुवनदास गज्जर रसायनशास्त्र नुसते शिकवून थांबले नाहीत. मुंबईतील राणीच्या पुतळ्यावरचे डांबर कोणाला निघेना, ते त्यांनी प्रयोगाने काढले. त्यांचे शिष्य कोटिभास्कर हे १९०७ साली निघालेल्या अलेम्बिक कारखान्याच्या संस्थापकांपैकी एक. प्रयोगशाळेतून कारखाना उभा राहतो, तो असा! तेच कलाभवन १९४९ पासून विद्यापीठाची तंत्रशाखा आहे.

आपला न्यास पदवीपर्यंत शिष्यवृत्ती देतो. पुढे संशोधनाची ओढ असलेली गरिबाघरची मुले निरुपायाने नोकरी धरतात. महोत्सव-निधीतून एक तरी संशोधन-शिष्यवृत्ती ठेवावी, एवढीच माझी विनंती.