परक्या गावातली स्वस्त खोली



डॉक्टर व्याख्यानाला उभा राहिला की तो मधुमेहावर बोलणार, नाहीतर गुडघेदुखीवर, असा आपल्याकडे समज आहे. या दोन्ही विषयांवर मी दवाखान्यात रोज बोलतो. आज मी तुमच्याशी स्वस्त हॉटेलातल्या खोलीविषयी बोलणार आहे, आणि तीही कलकत्त्यातल्या. सरकारी कागदावर २००१ पासून त्या शहराचं नाव कोलकाता आहे, पण माझ्या पिढीच्या तोंडी कलकत्ता बसलंय. तेवढं चालवून घ्या.

कलकत्ता आम्हा होमिओपॅथांची काशी. डॉ. महेंद्रलाल सरकार कलकत्ता मेडिकल कॉलेजचे १८६३ चे एम.डी. होते. १८६७ साली भर सभेत त्यांनी होमिओपॅथीची बाजू घेतली आणि त्यांच्याच व्यवसायबंधूंनी त्यांना वाळीत टाकलं. याच गृहस्थांनी १८७६ मध्ये बऊबाजारात विज्ञानसंस्था काढली, जिथं पुढे सी. व्ही. रामन यांनी आपलं काम केलं. तेव्हा परिषद, पुस्तकं, जुने वर्गमित्र, अशा निमित्तानं आमची पावलं तिकडे वळतातच. शिवाय शिखरजीची यात्रा करून येणारे आपल्याकडचे श्रावक कलकत्त्याला दोन रात्री काढतात. गेल्या तीस वर्षांत मी सात-आठ वेळा गेलो असेन. दर वेळी उतरलो ते सियालदह स्टेशन आणि बऊबाजार यांच्या मधल्या गल्ल्यांत, जिथं पाटीवर ‘गेस्ट हाऊस’ लिहिलेलं असतं आणि तळमजल्यावर छापखाना किंवा बॅगांचं दुकान असतं. अशा खोलीचं भाडं बरीच वर्षं ९९९ असायचं, कारण हजारापर्यंतच्या खोलीला जीएसटी माफ होता. १८ जुलै २०२२ पासून ती माफी गेली.

पहिला मुक्काम काउंटरवर. आधार कार्ड दाखवा, वहीत नाव लिहा, ‘कुठून आलात, कुठं जाणार’ भरा. पत्ता बेळगाव, राज्य कर्नाटक, आणि फोनवर घरी बोलतोय मराठी. हे पाहून मॅनेजर गोंधळतो. हा गोंधळ तुम्हा-आम्हाला नवा नाही. इंदूर, बडोदे, हैदराबाद, कुठल्याही जुन्या मराठी घरातल्या माणसाला ‘पण मूळचे कुठले?’ या प्रश्नाला दोन वाक्यं तरी खर्चावी लागतात. मी एकदा सांगितलं, मराठी. मॅनेजर वयानं माझ्याच बरोबरीचा होता. तो हसून म्हणाला, “म्हणजे बर्गी!”

आपल्याकडे बारगीर म्हणजे सरकारी घोडा आणि सरकारी हत्यार मिळालेला स्वार. बंगालीत त्याचा बर्गी झाला आणि तो अंगाईगीतात जाऊन बसला, पोराला भीती घालायला. १७४२ च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर येऊ लागल्या, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी त्यांच्या भीतीनं शहराभोवती खंदक खणायला घेतला. तीनेक मैल खणून झाला आणि काम थांबलं. मराठे कलकत्त्यापर्यंत पोचलेच नाहीत. १७९९ मध्ये तो बराचसा बुजवला आणि त्या ओळीवर सर्क्युलर रोड झाला. आजचा आचार्य प्रफुल्लचंद्र रोड तो हाच, सियालदहजवळून जाणारा. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ अजून आहे. म्हणजे ज्यांच्यासाठी खंदक, त्यांचाच एक वंशज खंदकाच्या आतल्या बाजूला, पंख्याखाली, पंचा गुंडाळून बसला होता. मी मॅनेजरला सखाराम गणेश देउस्करांचं नाव सांगितलं. देवघरकडे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातला हा माणूस बंगाली लेखक झाला. १९०४ सालचं त्यांचं ‘देशेर कथा’ इंग्रज सरकारनं १९१० मध्ये जप्त केलं. मॅनेजरनं ते पुस्तक वाचलं होतं! देउस्कर मराठी, हे मात्र त्याला माहीत नव्हतं. त्यानंतर मला रस्त्याकडची खोली मिळाली. भाडं तेवढंच.

रस्त्याकडची खोली हा मान आहे, हे मी पुढे सांगतो.

आधी पाणी. खोलीत गेल्यावर माणूस चादर बघतो. तुम्ही चादर नंतर बघा, आधी पाण्याचा जग बघा. कॉलऱ्याचा जंतू नक्की कोणता, हे रॉबर्ट कॉखनं १८८४ मध्ये याच शहरात, रुग्णांत आणि तलावाच्या पाण्यात तपासून पक्कं केलं. आणि जुलाबानं सुकलेल्या माणसाला मीठ-साखरेचं पाणी तोंडानं पाजून वाचवता येतं, हे मोठ्या प्रमाणावर दाखवलं ते कलकत्त्याच्याच डॉ. दिलीप महालनोबीस यांनी. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचं सलाइन संपलं, तेव्हा त्यांनी पिंपांत द्रावण कालवून नातेवाइकांकरवी पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. मी होमिओपॅथ आहे, माझ्या बॅगेत साबूदाण्याएवढ्या गोळ्यांच्या बाटल्या असतात. पण जुलाब लागले की पहिलं काम पाणी भरून काढण्याचं, हे मी प्रत्येक रुग्णाला सांगत आलोय. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. लघवी कमी झाली, माणूस गुंगायला लागला, शौचात रक्त दिसलं, तर थेट इस्पितळ.

आम्ही जैन पाणी गाळून पितो. लहानपणी आजीच्या त्या दुहेरी फडक्याला आम्ही हसायचो. बांगलादेशातल्या खेड्यांत जुन्या साडीच्या कापडाच्या चार घड्या करून त्यातून पाणी गाळून पाहिलं, तेव्हा कॉलरा निम्म्याच्या आसपास कमी झाला. २००३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. कारण असं की कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडात अडकतात. पण निम्मा म्हणजे निम्माच. आजीचा मान ठेवून मी गाळतो आणि आधुनिक शास्त्राचा मान ठेवून उकळतो. छोटी विजेची किटली माझ्या सामानात असतेच. हॉटेलवाल्यांना ती आवडत नाही. इस्त्री आणि किटली लावू नये, अशी भिंतीवर पाटी असते. मग मी खाली जाऊन चहाच्या टपरीवाल्याकडून उकळतं पाणी भरून आणतो, दहा रुपयांत.

आता हवा. मे महिन्यात आपल्याकडे उन्हाची झळ लागते, पण सावलीत बसलं की बरं वाटतं. कलकत्त्यात सावलीचा उपयोग नाही. घाम वाळला तरच अंग निवतं, आणि तिथल्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता ओघळतो. म्हणून तिथं ३६ अंशांना जे होतं ते कोरड्या गावात ४० ला होत नाही. स्वस्त हॉटेलवाल्यानं यावर तोड काढलेली असते. आतल्या बाजूच्या, खिडकी नसलेल्या खोलीत एसी बसवायचा आणि तीच ‘एसी रूम’ म्हणून जास्त दरानं द्यायची. खिडकी होती तिथं प्लायवूड. रस्त्याकडची खिडकीवाली खोली ‘नॉन-एसी’ म्हणून कमी दराची. मला विचाराल तर खिडकी घ्या. ट्रामचा घंटानाद आता फारसा उरला नाही, पण बसचे कंडक्टर पहाटेपासून ओरडतात, त्याला कापसाचे बोळे आहेत. डासांसाठी मच्छरदाणी मागा, बंगालात ती अजून मिळते. रोनाल्ड रॉसनं १८९८ मध्ये मलेरियाचं परजीवी डासातून पक्ष्यांत कसं जातं ते याच शहरात दाखवलं. डेंग्यूचा डास मात्र दिवसा चावतो आणि स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, तेव्हा न्हाणीघरातली भरलेली बादली सकाळी निघताना उपडी करून जा.

जेवणाचं थोडक्यात सांगतो. सूर्यास्तानंतर जेवायचं नाही हा आमचा नेम. बेळगावात डिसेंबरात तो सहाच्या आसपास येतो. कलकत्त्यात पाचच्याही आधी अंधारतं! एकाच घड्याळावर सगळा देश चालवल्याचा हा परिणाम. चार वाजता कुठल्याच हॉटेलात जेवण नसतं. दुपारचं संपलेलं, रात्रीचं चुलीवर चढायचं. त्या वेळी खाली जाऊन मुरमुरे, केळी आणि मिळालंच तर ताजं छेना आणून देणारा खोलीवरचा पोरगा, त्याच्या भरवशावर माझे तिथले सगळे डिसेंबर गेले. कांदा नको, बटाटा नको, हे मी सांगायला लागलो की तो विचारायचा, “डॉक्टरबाबू, आपको बीमारी क्या है?”

या हॉटेलांत उतरतं कोण? आपल्याला वाटतं प्रवासी. जिन्यात भेटणाऱ्यांच्या हातात मात्र एक्स-रेची मोठी पाकिटं असतात. मुर्शिदाबादहून, आसामातून, त्रिपुरेतून आलेली माणसं, इस्पितळात एक आणि लॉजवर तिघं. मार्क्विस स्ट्रीट, मिर्झा गालिब स्ट्रीट भागात वर्षानुवर्षं बांगलादेशातून उपचारांसाठी आलेली कुटुंबं असायची. २०२४ च्या ऑगस्टनंतर व्हिसा आटले आणि तिथली कित्येक हॉटेलं रिकामी पडली. या लोकांना खोली निवडायची नसते. इस्पितळापासून किती लांब आणि किती पैसे, एवढंच ते विचारतात. पंधरा दिवसांचा मुक्काम एक महिन्यावर जातो. मग खिडकीवाली सोडून आतली, मग आतली सोडून गच्चीवरची पत्र्याची.

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते. २९ एप्रिल २०२५ रोजी बडाबाजाराजवळच्या मेछुआ भागात एका हॉटेलला आग लागली. १४ माणसं गेली, त्यातली बहुतेक धुरानं गुदमरून. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. त्याला वास नाही. झोपलेला माणूस जागाच होत नाही, आणि जागा झाला तर पायात बळ उरत नाही. अशा वेळी त्याला लागतात दोन गोष्टी, उघडणारी खिडकी आणि मोकळा जिना. स्वस्त हॉटेलात नेमक्या याच दोन गोष्टी विकलेल्या असतात. खिडकीच्या जागी एसी येतो. दुसरा जिना कोठीची खोली होतो, तिथं गाद्या, रंगाचे डबे, सिलिंडर.

सराईंसाठी आपल्याकडे १८६७ चा कायदा आहे, महेंद्रलालांच्या त्या भाषणाच्याच वर्षीचा. त्यात मालकानं काय करावं हे लिहिलंय. खोल्या, व्हरांडे, गटारं साफ ठेवावीत, सांसर्गिक आजाराचा माणूस असेल तर पोलीस ठाण्यात कळवावं, दरपत्रक लावावं, आणि चोर चढू शकतील अशा झाडाच्या फांद्या छाटाव्यात. चोरानं आत कसं येऊ नये याचा विचार दीडशे वर्षांपूर्वी झाला होता. पाहुण्यानं बाहेर कसं पडावं याचे नियम पुढे आले, आणि ते सगळे भिंतीवर चौकटीत लावलेले मी पाहिलेत. चौकटीखाली गाद्यांचा ढीग.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. सामान टाकल्या टाकल्या एकदा जिन्यानं वर गच्चीपर्यंत जा आणि गच्चीच्या दाराला कुलूप आहे का बघा. असेल तर किल्ली कुणाकडे, हे विचारा. खोलीपासून जिन्यापर्यंत किती दारं लागतात ती मोजा, कारण धुरात दिसत नाही, हातानं चाचपावं लागतं. धूर वर चढतो, हवा खाली राहते, म्हणून वाकून किंवा रांगत निघा. लिफ्टच्या वाटेला जाऊ नका. दार तापलेलं लागलं तर ते उघडू नका, फटीत ओला टॉवेल कोंबा आणि खिडकीत उभे राहा. म्हणून म्हटलं, रस्त्याकडची खोली हा मान.

अजून एक गोष्ट आहे, आणि तिच्यावर मला तोडगा सापडलेला नाही. एकदा रात्री एक वाजता तहान लागली म्हणून मी बाहेर आलो. जिन्याच्या वळणावर चौघं झोपले होते. माझे मुरमुरे आणणारा त्यातलाच एक. दोघं मेदिनीपूरचे, दोघं बिहारचे. जिना अडला होता, हे डॉक्टर म्हणून मला दिसलं. सकाळी मी मॅनेजरशी बोललो. तो सरळ म्हणाला, “त्यांना खोली दिली तर ती तुम्हाला देता येणार नाही. आणि तुमच्याकडून दोनशे रुपये जास्त घ्यावे लागतील. द्याल?” मी देईन म्हणालो. “तुम्ही द्याल,” तो म्हणाला, “वरचे एक्स-रेवाले देतील?” माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तक्रार केली असती तर पोरं जिन्यातून हलली असती, आणि गेली असती फुटपाथवर. त्या मुक्कामात मी एवढंच करवून घेतलं की ती गच्चीवर झोपू लागली आणि गच्चीची किल्ली दारालाच अडकवलेली राहिली. पावसाळ्यात काय झालं ते मी पाहायला नव्हतो.

हे सगळं कलकत्त्याचं झालं. आपल्या बेळगावातही चंदगड, सावंतवाडीकडून रुग्ण येतात आणि त्यांची माणसं स्टँडजवळच्या लॉजवर राहतात. आपल्या संमेलनाचे पाहुणेही आपण तिथंच उतरवतो, चादरी पांढऱ्या आहेत एवढं बघून. पुढच्या वर्षीच्या पाहुण्यांसाठी खोल्या ठरवायला कोण जाणार हे मला ठाऊक आहे, ते दुसऱ्या रांगेत बसलेत. जाताना त्यांनी मला बरोबर घ्यावं. गुडघे कुरकुरतात, पण चार मजले चढेन, आणि गच्चीच्या दारापर्यंत जाईन.