परक्याच्या चित्रफितीत आपले गाव
(वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा ज्ञातीच्या उन्नतीवर अधिकारी वक्ते बोलणारच आहेत, हे ध्यानी घेऊन आम्ही एक लहानसा, परंतु घरोघरचा विषय निवडला. आंतरजालावर लोक जगास दाखवीत असलेल्या चित्रफिती, आणि त्यांतून आपल्याच गावाची आपणांस होणारी अकल्पित ओळख, हा तो विषय होय.

यूट्यूबवर पहिली चित्रफीत चढली ती २३ एप्रिल २००५ रोजी. अवघ्या १९ सेकंदांच्या त्या फितीत जावेद करीम हा तरुण प्राणिसंग्रहालयातील हत्तींपुढे उभा राहून दोन-चार वाक्ये बोलतो, इतकेच. 'मी येथे आहे, हे पाहा' एवढेच त्या बोलण्याचे सार. आज विजयदुर्गास येणारा प्रत्येक प्रवासी तेच करीत असतो.

गतवर्षी मे महिन्यात आम्ही गावी गेलो असता पुतण्याने भ्रमणध्वनीवर अशीच एक फीत लावली. कोणा परक्या तरुणाने ड्रोन उडवून आकाशातून आपला किल्ला टिपला होता. ज्या बुरुजांखालून आम्ही बालपणी शेकडो वेळा गेलो, त्यांची समुद्रात शिरलेली सबंध आकृती आम्ही त्या दिवशी प्रथमच पाहिली. किल्ल्यानजीक पाण्याखाली एक भिंत असून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिचा अभ्यास केला आहे, हेही आम्हांस त्या परक्या मुलाकडूनच कळले. गावचे म्हणविणाऱ्या आम्हांस मनातून थोडी लाज वाटली.

पुढे चौथरे दिसू लागताच आमच्या वृद्ध आत्याबाई म्हणाल्या, "अरे, हे आपले साहेबाचे ओटे मां?" फीत सांगत होती की, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच ओट्यांवरून हेलियमचा शोध लावला. आम्ही अभिमानाने मान डोलावली. आत्याबाईंनी मात्र ती हलविली. "माझ्या आज्यान ता गिराण बगल्यान. तेरा वर्सांचो होतो. भरदुपारी कोंबडी खुराड्यात शिरली." आता, आत्याबाईंचे आजोबा १८६८ साली जन्मलेही नव्हते. वार्धक्यात असा घोटाळा व्हावयाचाच, असे मानून आम्ही विषय बदलला.

परंतु मनास चैन पडेना. मुंबईस परतल्यावर आम्ही ग्रंथ चाळले, आणि घोटाळा आत्याबाईंचा नसून आमचा होता, हे दिसून आले. १८६८ च्या ग्रहणाचे प्रसिद्ध निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून केले. त्या वेळी लॉकियर इंग्लंडात होते. त्याच वर्षी २० ऑक्टोबर रोजी त्यांनी ग्रहणावाचूनच, तेथूनच, सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातील एका पिवळ्या रेषेवरून हेलियम या नव्या मूलद्रव्याची कल्पना निघाली, आणि १८९५ साली रॅम्से यांनी ते पृथ्वीवरही शोधून काढले. लॉकियर विजयदुर्गास आले ते त्यानंतर, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. 'मेल्पोमीनी' या ब्रिटिश युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी त्यांच्या साहाय्यास होते. सुमारे दोन मिनिटे भरदुपारी अंधारले. साहेबांच्या नावाच्या ओट्यांचा संबंध या ग्रहणाशीच जोडणे सयुक्तिक ठरते. तेरा वर्षांच्या त्या मुलाने पाहिले ते हेच ग्रहण होय.

यामुळे विजयदुर्गाचा मान कमी होतो काय? मुळीच नाही. १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिन साजरा होतो, त्या स्मरणात आपणही आनंदाने सहभागी व्हावे. परंतु ज्याने हेलियमची रेषा ओळखली, तो संशोधक पुढे आपल्या किल्ल्यावर आला आणि आपल्या वाडवडिलांनी त्याच्यासमवेत तोच काळवंडलेला सूर्य पाहिला, ही खरी गोष्ट काय थोडी आहे? खोट्या गोष्टीवर उभारलेला अभिमान एका प्रश्नासरशी ढासळतो, आणि तो प्रश्न उद्या आपल्याच मुलांना शाळेत कोणीतरी विचारणार आहे.

आत्याबाईंची क्षमा मागावी व त्यांचे सांगणे नीट टिपून घ्यावे, असे आम्ही ठरविले होते. गणपतीस गावी जाणारच होतो. श्रावणातच त्या निवर्तल्या. आमच्या भ्रमणध्वनीत लग्नामुंजींच्या शेकडो फिती आहेत. त्यांपैकी एकीतही आत्याबाई चार वाक्ये सलग बोलताना सापडत नाहीत.

म्हणून ज्ञातिबांधवांस आमची विनंती एवढीच आहे. येत्या सुटीत गावी जाल तेव्हा किल्ल्याआधी घरातील वडीलधाऱ्यांपुढे यंत्र धरा. बोलणाऱ्याचे नाव, गाव व तारीख आरंभीच सांगा. डोळ्यांनी पाहिलेले कोणते आणि ऐकीव कोणते, हे वेगळे ठेवा. चूक आढळल्यास फितीखाली दुरुस्ती लिहिण्यास संकोचू नका. त्या फितीची एक प्रत आपल्या मंडळाच्या कचेरीत ठेवावी, अशी चालकांसही आमची सूचना आहे.

परक्यांनी आपले गाव आपणांस दाखविले, त्यांचे आपण ऋणी आहोत. त्यांना ठाऊक नाही ते सांगणे हे आपले काम आहे, आणि सांगणारी माणसे वाट पाहत थांबत नाहीत. श्रीदेव रामेश्वर आपणां सर्वांस ही सद्बुद्धी वेळेवर देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.