न मागितलेला पहारा



वसईच्या किंवा गोव्याच्या डिसूझांचे आडनाव इंग्रजीत लिहिताना पहिल्या अक्षरानंतर बहुधा एक लोंबते चिन्ह येते. कागदावर ते निरुपद्रवी. पण डेटाबेसला दिलेल्या एसक्यूएल आज्ञेत तेच चिन्ह ‘मजकूर संपला’ असे सांगते. उरलेले आडनाव आज्ञेचा भाग ठरते, आणि एखादा लबाड त्याच फटीतून स्वतःची आज्ञा आत सरकवतो.

रास्मुस लेर्डोर्फ यांच्या पीएचपी भाषेने यावर एक उदार तोड काढली होती. बाहेरून आलेला मजकूर स्क्रिप्टच्या हाती पडण्याआधीच ती प्रत्येक अवतरणचिन्हामागे एक तिरपी रेघ घाली. या सोयीचे नाव ‘मॅजिक कोट्स’. नवशिक्यांचे तिने रक्षण केले, हे आम्ही नाकारीत नाही. पण ती काही सर्व्हरवर चालू असे, काहींवर बंद. आणि भाड्याच्या सर्व्हरवर ती बदलणे पुष्कळदा आपल्या हाती नसे. एका चुलीवर दोन जावा असाव्यात आणि आमटीत मीठ पडले की नाही हे एकीने दुसरीला सांगू नये, तशी स्क्रिप्ट लिहिणाऱ्याची गत. दोघींनी घातले तर खारट, कोणीच नाही तर अळणी. आणि येथे अळणी म्हणजे दार सताड उघडे!

खारटपणाचा हिशेब पाहा. दोघांनीही रेघा घातल्या की डिसूझांच्या नावात एक रेघ कायमची साठते. पत्ता दुरुस्त करण्यासाठी त्यांनी तोच फॉर्म पुन्हा धाडला की तीन होतात, तिसऱ्या खेपेस सात. कारण रेघेलाही रेघ लागते.

म्हणून कोठेही चालावी अशी स्क्रिप्ट लिहिताना आम्ही आरंभीच भाषेला विचारीत असू: गेट मॅजिक कोट्स जीपीसी? होकार आला तर गेट, पोस्ट आणि कुकी या तिन्ही वाटांनी आलेल्या रेघा एकदाच काढायच्या. (स्क्रिप्टमधून सोय बंद करून उपयोग नसे, ती जागी होण्यापूर्वीच रेघा पडलेल्या असत.) जोडलेल्या दुसऱ्या फाइलीनेही त्या काढल्या, तर लिहिणाऱ्याने मुद्दाम घातलेली रेघही जाई. मग डेटाबेसच्या दारी, त्याच्याच रीतीने पहारा; त्याहून बरे म्हणजे आज्ञा आणि मजकूर वेगवेगळे पाठवणे. वेशीवरच्या पहारेकऱ्याला लिपी कोठे कळते? जीबीके या चिनी संकेतात मागचा विशिष्ट बाइट आणि रेघ मिळून एकच अक्षर होते, आणि अवतरणचिन्ह मोकळे सुटते.

२००९ साली ५.३ या आवृत्तीने ही सोय त्याज्य ठरवली, २०१२ साली ५.४ ने काढून टाकली. विचारण्याचे फंक्शन तेवढे राहिले. ते नेहमी ‘नाही’ म्हणे. २०२० साली ८.० ने तेही नेले, आणि ज्यांनी काळजीने विचारून पाऊल टाकले होते त्यांच्याच स्क्रिप्टा त्या ओळीवर कोसळल्या! आता ती ओळ खोडावी. जुन्या सर्व्हरचीही सोय पाहायची असेल, तर ते फंक्शन अस्तित्वात आहे का, हे आधी तपासावे.

साठलेल्या रेघा मात्र कोणतीच आवृत्ती काढीत नाही. डिसूझांच्या नावातल्या सात रेघा नोंद पाहून हातानेच काढाव्या लागतात. सरसकट काढू गेलो तर खऱ्या रेघाही त्यांच्याबरोबर जातात.